जलाशयाची पातळी आणि गल्ल्याचा हिशेब
म्हैसूर परिसरातील जलकाठच्या पर्यटन-व्यवसायाचा एक अभ्यास

म्हैसूर आणि मंड्या भागातील वृत्तपत्रे पावसाळ्यात एक आकडा न चुकता छापतात : कृष्णराजसागर जलाशयाची त्या दिवशीची पातळी, फुटांत. १२४.८० फूट ही पूर्ण संचय पातळी. तो आकडा गाठला गेला की राज्याचे मुख्यमंत्री धरणावर येऊन कावेरीला ‘बागिन’, म्हणजे सुपात घातलेले सौभाग्यवाण, अर्पण करतात आणि कालव्यांवरील शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. शेतकरी हा आकडा ज्या आस्थेने वाचतो, त्याच आस्थेने तो वाचण्याची गरज असलेला आणखी एक वर्ग या परिसरात आहे. जलाशयाच्या किंवा नदीच्या काठी हॉटेल, उपाहारगृह, परवानाधारक मद्यगृह, निवासी कुटिरे अथवा नौकाविहार चालविणाऱ्यांचा हा वर्ग होय. त्याचे भांडवल पुष्कळदा बँकेच्या कर्जातून उभे राहिलेले असते. खोल्या, स्वयंपाकघर, बगिचा, होड्या यांचा खर्च प्रकल्प अहवालात रुपया-आण्यापर्यंत मांडलेला असतो. मात्र ज्या पाण्यासाठी ग्राहक येणार, त्या पाण्याची मालकी कोणाची आणि ते वर्षातून किती महिने काठाशी राहणार, याविषयी त्या अहवालात सहसा एक ओळही आढळत नाही.

हा दोष केवळ म्हैसूरचा नव्हे. महाबळेश्वरच्या पायथ्याशी तापोळ्याला, भंडारदऱ्याला किंवा पानशेतच्या काठी जागा पाहून ठेवलेल्या कित्येकांनी ती जागा सप्टेंबरात पाहिलेली असते. तीच जागा मे महिन्यात पाहिल्यास व्यवहार कदाचित वेगळ्या भावाने झाला असता. परंतु म्हैसूरचे उदाहरण अभ्यासाला विशेष सोयीचे आहे, कारण तेथे शहराच्या एका दिवसाच्या टप्प्यात पाण्याचे निरनिराळे स्वभाव पाहावयास मिळतात आणि प्रत्येक पाण्याकाठचा धंदा वेगळ्या हंगामाने चालतो.

पाणी कोणासाठी अडविले?

म्हैसूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या नद्यांच्या संगमाखाली कन्नंबाडी येथे हे धरण आहे. काम १९११ साली सुरू झाले आणि १९३२ च्या सुमारास पूर्णत्वास गेले. महाराजा चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीतील या कामामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची बुद्धी आणि जिद्द होती. विश्वेश्वरय्या महाराष्ट्राला परके नाहीत. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले आणि म्हैसूरला जाण्यापूर्वी, १९०३ साली, त्यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे खडकवासला धरणावर बसविण्यात आले. धरणामागील हेतू दोन होते. शिवसमुद्रमचे वीजकेंद्र १९०२ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवीत होते. त्याला वर्षभर अखंड पाणी हवे होते. दुसरा हेतू मंड्याच्या कोरडवाहू शिवारास पाणी देण्याचा. या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि १९३३ साली मंड्यास साखर कारखान्याची कंपनी स्थापन झाली.

धरणाच्या पायथ्याचे वृंदावन उद्यान दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या सौंदर्यदृष्टीचे फळ आहे. कारंजी, रोषणाई, उद्यानाच्या दोन भागांमधील पाण्यातील नौकाविहार आणि पुढे कित्येक चित्रपटांतून झालेले दर्शन यांमुळे ‘म्हैसूर पाहणे’ म्हणजे राजवाडा आणि वृंदावन पाहणे, असे समीकरण साऱ्या देशात रूढ झाले. तरीही अग्रक्रमाचा विचार करता उद्यान आणि त्याभोवतीचे पर्यटन हे या पाण्याचे पाहुणे आहेत. पिण्याचे पाणी, शेती, वीज आणि कावेरीच्या खालच्या अंगाच्या राज्याचा हक्क, एवढ्या सर्वांची सोय झाल्यावर उरलेले दृश्य तेवढे पर्यटनाच्या वाट्याला येते.

शेवटचा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. कावेरी पाणीवाटपाचा लवाद १९९० साली नेमला गेला, त्याचा अंतिम निवाडा २००७ साली आला आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यात बदल करून सर्वसाधारण वर्षात कर्नाटकाने सीमेवरील बिळिगुंडलू येथे १७७.२५ अब्ज घनफूट पाणी सोडावे, असे ठरविले. पाऊस चांगला झाला तर हा आकडा कोणाच्या लक्षातही राहत नाही. पाऊस हुकला की मात्र प्रत्येक घनफुटाला राजकीय वजन येते. २०१६ च्या सप्टेंबरात पाणी सोडण्याच्या आदेशावरून मंड्या, म्हैसूर आणि बंगळूर भागात आंदोलन उसळले, रस्ते बंद पडले. २०२३ मध्ये पुन्हा पाऊस अपुरा झाला, जलाशय भरला नाही आणि २९ सप्टेंबर रोजी राज्यव्यापी बंद पाळला गेला, तोही दसरा महोत्सव अवघ्या पंधरा-सोळा दिवसांवर आला असताना. म्हैसूरच्या हॉटेल-व्यावसायिकांचे वर्ष ज्या दहा दिवसांवर तोलले जाते, त्याच दिवसांच्या आरक्षणाचा तो काळ असतो. याउलट २०२५ साली जलाशय जून महिन्यातच काठोकाठ भरला. अशी वर्षे आगाऊ कळविण्याची सोय निसर्गाने केलेली नाही.

पाणी उतरले की आणखी एक गोष्ट घडे. धरणात बुडालेल्या जुन्या कन्नंबाडी गावातील वेणुगोपालस्वामींचे प्राचीन मंदिर अवर्षणाच्या वर्षी पाण्याबाहेर येई आणि लोक ते पाहण्यास जमत. पुढे त्या मंदिराचे दगड हलवून ते जलाशयाच्या काठावर नव्याने उभारण्यात आले. आज ते बॅकवॉटरच्या सहलीचे एक प्रमुख आकर्षण आहे आणि त्याला पाणी भरण्या-ओसरण्याची चिंता उरलेली नाही. व्यवसायाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे : आकर्षणाची वस्तू पूर्ण संचय पातळीच्या वर असली की तिचा हंगाम बारमाही होतो.

काबिनीचा उलटा हंगाम

म्हैसूरच्या नैर्ऋत्येस हेग्गडदेवनकोटे तालुक्यात काबिनी नदीवर १९७४ साली धरण पूर्ण झाले. वायनाडच्या डोंगरांत पडणारा पाऊस थेट या जलाशयात येत असल्याने तो पुष्कळदा कृष्णराजसागराच्या आधी भरतो. जलाशयाच्या एका अंगाला नागरहोळे आणि दुसऱ्या अंगाला बंडीपूरचे अरण्य आहे. त्याच्या बुडीत क्षेत्रात काकनकोटेचे ते वनही गेले, जेथे संस्थानकाळात ‘खेड्डा’ घालून रानहत्ती पकडले जात. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला.

सरकारी क्षेत्रातील ‘जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स’ या संस्थेने १९८० च्या दशकात कारापूर येथे, महाराजांच्या जुन्या शिकारी निवासस्थानाच्या आवारात, काबिनी रिव्हर लॉज सुरू केले. कर्नल जॉन वेकफील्ड यांनी दीर्घकाळ तेथे राहून त्याला आकार दिला. २०१० साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या लॉजने दाखवून दिलेली गोष्ट आज परिसरातील बहुतेक खासगी रिसॉर्ट पाळतात : खोली वेगळी, जेवण वेगळे, होडी वेगळी असे दर न लावता माणशी एकच रक्कम घ्यावी आणि तीत मुक्काम, तिन्ही वेळचे भोजन, वनविहार व नौकाविहार यांचा समावेश करावा. ग्राहकाला हिशेबाची कटकट राहत नाही आणि चालकाला स्वयंपाकघरात किती शिधा लागेल, हे आदल्या रात्रीच कळते. वाया जाणाऱ्या अन्नाचा खर्च ज्याने सोसला आहे, त्याला या पद्धतीचे मोल सांगावे लागणार नाही.

काबिनीचे खरे वैशिष्ट्य मात्र हंगामात आहे. कृष्णराजसागराच्या काठी धंदा करणाऱ्याला पाणी चढलेले हवे असते. काबिनीच्या चालकाला ते उतरलेले हवे असते. मार्च ते मे या काळात अरण्यातील पाणवठे आटतात, जलाशय मागे सरकतो आणि उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर कोवळे गवत उगवते. या गवतासाठी आणि पाण्यासाठी हत्तींचे कळप काठावर उतरतात. होडीतून ते दृश्य पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी येतात. महाराष्ट्रातील धरणांच्या काठी ज्या जमिनीवर गाळपेर होते, तसल्याच जमिनीवर काबिनीत पर्यटनाचे पीक निघते, असे म्हटले तरी चालेल. पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरतो, तेव्हा प्राणी आत रानात पांगलेले असतात आणि खोल्या रिकाम्या राहतात.

पाणी उतरण्याचा हा लाभ घेण्यासाठी चालकाला तयारी करावी लागते. काठ मागे गेला की पक्का बांधलेला धक्का कोरड्यावर पडतो आणि पाहुण्यांना चिखलातून चालवत न्यावे लागते. म्हणून पाण्याबरोबर चढणारा-उतरणारा तरंगता धक्का, वेळोवेळी हलविता येणारी लाकडी पायवाट आणि ती हलविण्यासाठी लागणारी मजुरी, हा खर्च दर वर्षीचा म्हणून धरावा लागतो. तो एकदाच होणारा भांडवली खर्च म्हणून दाखविला की दुसऱ्या वर्षापासून अंदाज चुकू लागतो.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. येथील आकर्षण वनखात्याच्या ताब्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी अंतरिम आदेश देऊन देशातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रांतील पर्यटन थांबविले. ते १६ ऑक्टोबर रोजी पुन्हा सुरू झाले. आदेश पावसाळ्यात आल्यामुळे मोठी हानी टळली, हा नशिबाचा भाग. एप्रिलमध्ये तो आला असता तर काबिनीकाठचे वर्षच बुडाले असते.

श्रीरंगपट्टणचे वाहते पाणी

तिसरा प्रकार नदीचा. मराठी वाचकांना श्रीरंगपट्टण ठाऊक असते ते १७९२ च्या वेढ्यामुळे. हरिपंत फडके यांच्या हाताखालील मराठी फौजा तेव्हा याच कावेरीकाठी उतरल्या होत्या. त्याच पाण्यात आज बांबूच्या टोपलीसारख्या गोल होड्या फिरतात. कानडीत त्यांना ‘हरिगोलु’ किंवा ‘तेप्प’ म्हणतात. जवळच रंगनतिट्टू हे पक्षी अभयारण्य आहे. सतराव्या शतकातील बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही छोटी बेटे डॉ. सालिम अली यांच्या आग्रहावरून १९४० साली संरक्षित झाली आणि २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झाली. येथे वल्ह्याच्या होडीतून चित्रबलाक, करकोचे, पाणपक्षी आणि खडकावर पहुडलेल्या मगरी अगदी जवळून दिसतात.

मात्र धरणातून पाण्याचा मोठा विसर्ग सुरू झाला की येथील होड्या काठाला लागतात, आणि पाणी ओसरेपर्यंत त्या तेथेच राहतात. म्हणजे कृष्णराजसागराच्या काठचा चालक ज्या पाण्याने सुखावतो, तेच पाणी पंधरा-वीस किलोमीटर खाली होडीवाल्याची रोजी बुडविते. गोल होडी घेण्यासाठी मुद्रा योजनेतून लहान कर्ज मागणाऱ्या नावाड्याचा अर्ज पाहताना, विसर्गामुळे बंद राहणारे आठवडे वगळूनच त्याच्या फेऱ्यांचा हिशेब करावयास हवा. त्याचे कर्ज लहान असते, पण दुसरे उत्पन्न बहुधा नसते.

आधी होडी, मग पेला

जलकाठच्या मद्यगृहांचा विषय निघाला की इंग्लंडच्या पूर्व भागातील ‘नॉरफोक ब्रॉड्स’ या प्रदेशाचे उदाहरण हटकून दिले जाते. मध्ययुगात दलदलीतून इंधनासाठी माती खणली गेली, ते खड्डे पाण्याने भरले आणि नद्यांशी जोडलेल्या उथळ तळ्यांचे जाळे तयार झाले. आज तेथे भाड्याच्या, राहण्याच्या सोयीच्या होड्या घेऊन कुटुंबे आठवडाभर फिरतात. संध्याकाळी एखाद्या मद्यगृहासमोर होडी बांधायची, तेथेच जेवायचे आणि होडीतच निजायचे, असा क्रम. मद्यगृहाची खरी मालमत्ता त्याची इमारत नसून होड्या बांधण्याची जागा असते. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत हंगाम. हिवाळ्यात कित्येक ठिकाणी दारे आठवड्यातून काही दिवसच उघडतात. होड्यांच्या मालकांकडून वार्षिक पट्टी घेऊन जलमार्गाची निगा राखणारे ब्रॉड्स प्राधिकरण तेथे आहे.

हे चित्र जसेच्या तसे उचलून आणणारे प्रकल्प अहवाल अधूनमधून बँकांच्या टेबलावर येतात. त्यांत एक मूलभूत फरक विसरलेला असतो. ब्रॉड्समधील ग्राहक पाण्यातून येतो आणि रात्री पाण्यावरच राहतो. म्हैसूरचा ग्राहक मोटारीने येतो, तास-दोन तास पाण्यावर जातो आणि मोटारीनेच परततो. साहजिकच त्याला मद्य केव्हा द्यावे, हा प्रश्न येथे धंद्याचा आणि जीविताचा आहे. नौकाविहार आधी आणि मद्यगृह नंतर, हा नियम शहाणा चालक लेखी करून भिंतीवर लावतो. मद्यप्राशन केलेल्यास होडीत घेत नाही. मग प्रश्न उरतो परतीच्या प्रवासाचा. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास मोटार वाहन कायद्याने चालक दोषी ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. मुक्कामाच्या खोल्या नसलेले जलकाठचे मद्यगृह म्हणूनच अवघड प्रस्ताव ठरतो. खोल्या असल्या तर मद्यविक्री मुक्कामाला पूरक होते. नसल्या तर चालकाला वाहनचालकाची सोय स्वतः करावी लागते, किंवा जेवणावर भर देऊन मद्यविक्री मर्यादित ठेवावी लागते.

परवान्याचा प्रकारही यावरच ठरतो. कर्नाटकात निवासी हॉटेलासाठी सी.एल. ७, उपाहारगृहाला जोडलेल्या मद्यगृहासाठी सी.एल. ९ आणि केवळ बिअरच्या किरकोळ विक्रीसाठी स्वतंत्र परवाना, अशी विभागणी आहे. अर्ज करण्यापूर्वी जागेचे रस्त्यापासूनचे अंतर मोजून घ्यावे लागते, हे २०१७ साली सर्वांना कळून चुकले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. लहान गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर करण्यात आले. हा आदेश दुकानांपुरता नसून हॉटेले व मद्यगृहांनाही लागू आहे, असे ३१ मार्च २०१७ रोजी स्पष्ट झाले. जुलैमध्ये महानगरपालिका व नगरपालिका हद्दींना सवलत मिळाली. तोपर्यंत देशभर कित्येक चालू धंद्यांचे उत्पन्न अचानक अर्ध्यावर आले होते, आणि त्यांचे हप्ते मात्र पूर्वीइतकेच होते.

सरासरीचा फसवेपणा

या सर्वांचा कर्जफेडीवर परिणाम कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. आकडे केवळ समजण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत.

बारा खोल्यांचे जलकाठचे निवासगृह धरू. महिन्याला ३६० खोली-रात्री. दर खोलीमागे भाडे ३,००० रुपये. धुलाई, वीज, न्याहारी इत्यादी बदलता खर्च ८०० रुपये. भोजनगृहातून दर खोलीमागे निव्वळ ६०० रुपये सुटतात. म्हणजे भरलेली प्रत्येक खोली रात्रीला २,८०० रुपये देते. पगार, देखभाल, परवाना शुल्काचा मासिक वाटा वगैरे स्थिर खर्च महिन्याला ३,६०,००० रुपये आणि कर्जाचा हप्ता १,४४,००० रुपये. एकूण ५,०४,००० रुपये भरून काढण्यास १८० खोली-रात्री लागतात, म्हणजे निम्म्या खोल्या भरल्या की ना नफा ना तोटा.

आता चांगले पाच महिने ७५ टक्के, मध्यम पाच महिने ५० टक्के आणि मंदीचे दोन महिने २५ टक्के खोल्या भरल्या, असे समजू. चांगल्या महिन्यात २,५२,००० रुपये उरतात; मंदीच्या महिन्यात तितकेच कमी पडतात. वर्षाअखेर ७,५६,००० रुपये शिल्लक आणि खोल्या भरण्याची सरासरी ५६ टक्क्यांहून थोडी अधिक. अहवाल उत्तम दिसतो.

पुढच्या वर्षी पाऊस हुकला, आंदोलन झाले, आणि पाचांपैकी दोन चांगले महिने मंदीत गेले. सरासरी ४८ टक्क्यांच्या आसपास येते. घट जेमतेम आठ टक्क्यांची, पण शिल्लक जाऊन २,५२,००० रुपयांचा तोटा उभा राहतो. फरक दहा लाखांहून अधिक. शिवाय मंदीच्या महिन्यात हप्ता सोडाच, स्थिर खर्चही भागत नाही. १,०८,००० रुपये घरातून घालावे लागतात. असे तीन महिने ओळीने आले आणि हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की रिझर्व्ह बँकेच्या निकषांप्रमाणे खाते अनुत्पादक ठरते. धंदा वाईट नसताना खाते वाईट होते, ते असे.

यावरील एक उपाय कर्ज मंजूर होतानाच करावा लागतो. वर्षाची परतफेड १७,२८,००० रुपयेच ठेवून चांगल्या महिन्यांत २,१०,०००, मध्यम महिन्यांत १,१०,००० आणि मंदीत ६४,००० रुपये असे हंगामी हप्ते ठरविता येतात. बेरीज तीच राहते. मंदीच्या महिन्याचा भार मात्र ऐंशी हजारांनी उतरतो. शेतीकर्जाला पिकाचा हंगाम लावणाऱ्या बँकेला ही कल्पना नवी नाही, फक्त ग्राहकाने आपला हंगाम मागील काही वर्षांच्या पाणीपातळीसह मांडावयास हवा. खाते अडचणीत आल्यावर हप्ते बदलून घेणे ही कर्जाची पुनर्रचना ठरते आणि तिचे परिणाम खात्याच्या वर्गवारीवर होऊ शकतात. कोविडच्या काळात, २०२० च्या मार्च ते ऑगस्टपर्यंत, हप्त्यांना स्थगिती मिळाली आणि मार्च २०२१ मध्ये आपत्कालीन पतहमी योजना पर्यटन व हॉटेल व्यवसायालाही लागू झाली. पण त्या असाधारण संकटातील सवलती होत्या. एका हुकलेल्या पावसासाठी तशी योजना येत नाही.

विमा या ठिकाणी किती उपयोगी पडतो, याविषयीही गैरसमज आढळतो. अग्निविम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत पुराने झालेले नुकसान समाविष्ट असते. नफ्याच्या हानीचा विमाही मिळतो, परंतु तो बहुधा मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यावरच लागू होतो. पाणी उतरले, रस्ता बंद पडला किंवा २०२२ च्या नोव्हेंबरात घडले त्याप्रमाणे बिबट्या दिसल्यामुळे वृंदावन उद्यानच पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले, तर इमारतीची एक वीटही हललेली नसते. अशा वेळी उपयोगी पडते ती स्वतःची गंगाजळी. निदान तीन महिन्यांचा स्थिर खर्च मुदत ठेवीत वेगळा ठेवावा. वरील उदाहरणात ही रक्कम १०,८०,००० रुपये होते आणि एका वाईट वर्षाने पडलेला खड्डा तीतून भरून निघतो.

होडीतील माणसे

केरळमधील थेक्कडी जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली नौका उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. काठावरील प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला गोळा झाले आणि नौकेचा तोल गेला. काबिनीकाठी होडी चालविणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग खलाशांना समजावून सांगावा असा आहे, कारण हत्ती दिसल्यावर माणसे तेथेही नेमके हेच करतात. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूर येथे क्षमतेहून अधिक प्रवासी घेतलेली नौका बुडून २२ जणांचा अंत झाला. १९१७ चा जुना कायदा जाऊन त्या जागी अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ आला आहे. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकांची पात्रता यांची तरतूद त्यात आहे. बिनयंत्राच्या नौकांसाठीही स्वतंत्र प्रकरण आहे. नोंदणी नसलेली होडी बँकेला तारण म्हणून चालत नाही, हा मुद्दा दुय्यम मानावा. जीवरक्षक जाकीट मागूनही न मिळालेल्या ठिकाणी पर्यटक पुन्हा येत नाही आणि अपघात झालेल्या काठाला कित्येक वर्षे कोणी फिरकत नाही, हे अधिक महत्त्वाचे.

जागेची कागदपत्रे हा याला लागूनचाच विषय. पूर्ण संचय पातळीच्या आतील जमीन सरकारची असते. उन्हाळ्यात ती कोरडी आणि मोकळी दिसते म्हणून कोणाच्या मालकीची होत नाही. भाडेपट्ट्याची जागा असल्यास पट्ट्याची उरलेली मुदत कर्जाच्या मुदतीहून अधिक हवी आणि गहाण ठेवण्यास मूळ मालकाची संमती हवी. बंडीपूरभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१२ साली अधिसूचित झाले आहे. त्यातील सर्व्हे क्रमांक तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.

रस्त्यानेही हिशेब बदलतो. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे १२ मार्च २०२३ रोजी लोकार्पण झाले आणि प्रवासाचा वेळ निम्म्याच्या आसपास आला. मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण ही गावे बाह्यवळणाने टाळली गेली. मद्दूरच्या वड्यासाठी थांबणारी मोटार आता थांबत नाही. दुसरीकडे, म्हैसूरला मुक्काम करणारे कुटुंब सकाळी निघून रात्री परत जाऊ लागले की खोलीचे उत्पन्न घटते आणि दुपारच्या भोजनाचे वाढते. जुन्या अहवालातील खोल्यांची संख्या तशीच ठेवायची की त्यातील भांडवल भोजनगृहाकडे आणि बागेकडे वळवायचे, हा निर्णय श्रीरंगपट्टण भागातील चालकांना करावा लागत आहे. मुक्काम हवा असेल तर पहाटेचे किंवा रात्रीचे काही देण्यासारखे हवे. रंगनतिट्टूच्या पक्ष्यांचा सकाळचा पहिला प्रहर हे त्याचे स्वस्त आणि उत्तम साधन आहे.

शेवटी एक तारीख. कर्नाटकातील अबकारी वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. परवान्याच्या नूतनीकरणाचे शुल्क त्या सुमारास एकरकमी भरावे लागते. उन्हाळी सुटीचे पर्यटक तोपर्यंत परतलेले असतात, पाऊस सुरू झालेला असतो, शाळा उघडलेल्या असतात आणि बहुतेक वर्षी कृष्णराजसागरही भरायचे असते. याच पंधरवड्यात तातडीच्या अधिकर्षासाठी शाखांकडे अर्ज येतात आणि कागदपत्रांअभावी त्यांतील काही अडकतात. एप्रिल-मे महिन्यांच्या विक्रीतून दर आठवड्याला ठरावीक रक्कम आवर्त ठेवीत टाकणाऱ्या चालकाला हा अर्ज करावा लागत नाही. ज्याला करावाच लागेल, त्याने गेल्या वर्षीची परवाना पावती, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि मद्यविक्री त्या कराच्या कक्षेबाहेर असल्याने तिची वेगळी ठेवलेली वही, एवढे घेऊन मेच्या पहिल्या आठवड्यात शाखेत यावे.